जिभेखालची दहा मिनिटं

"घड्याळाकडे बघायचं नाही. घड्याळाकडे बघत गप्प बसणं म्हणजे बसची वाट बघणं. तास आपला आपण संपू द्यायचा."

सकाळचे सात वाजले की आईचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. तिनं मला मौन शिकवलं त्याला तेवीस वर्षं झाली. सात ते आठ मी बोलत नाही. देवापुढे दिवा लावते, मांडी घालते आणि तास आपला आपण संपतो. नऊला कामावर. सोफ्या-खुर्च्यांची कापडं शिवायच्या कारखान्यात मी आहे. तिथे मशीनच्या घरघरीत 'दोरा दे' एवढं सांगायलासुद्धा बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. त्यामुळे सकाळचा तेवढा तास माझा. तेवीस वर्षांत एकदाही मोडला नाही, हे मी लोकांना मान खाली घालून, अगदी हळू आवाजात सांगायची. हळू सांगितलं की नीट लक्षात राहतं.

माझ्या धाकट्या भावाला मात्र आईनं मौन शिकवायचा कधी प्रयत्नही केला नाही. तिला आपली ताकद ठाऊक होती. त्याला घरात रेडिओ म्हणतात. झोपेतसुद्धा बोलतो. पेशानं लिफ्टचा मिस्त्री. लिफ्टच्या नुसत्या आवाजावरून तिचं काय दुखतंय ते सांगायचा, आणि मग त्यावर अर्धा तास बोलायचा. सहा वर्षांपूर्वी एका इमारतीत तो दीड मजला खाली, लिफ्टच्या खड्ड्यात पडला. पाठीचे दोन मणके दबले. दुखणं थांबावं म्हणून डॉक्टरांनी जोरदार गोळ्या दिल्या. दुखणं थांबलं, गोळ्या थांबल्या नाहीत. पुढे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या मिळेनाशा झाल्या तेव्हा रेडिओ जिथे मिळतं तिथून आणायला लागला, आणि मिळेल ते, सुईनं.

नातेवाइकांची मग चंगळ झाली. जे कधी फोन करत नव्हते ते आवर्जून चौकशी करू लागले. "काय गं, कसा आहे तो? अजून तसाच?" हे विचारताना आवाजात कशी छान काळजी असायची. आमचे हे म्हणायचे, "चार दिवस खोलीत कोंडून ठेवा, सुतासारखा सरळ येतो की नाही बघा." ह्यांना दुपारचा चहा पाच मिनिटं उशिरा मिळाला तर घर डोक्यावर घेतात, पण दुसऱ्याच्या सहनशक्तीबद्दल त्यांचा अभ्यास दांडगा.

आणि मी? मी त्याच्यासाठी रोज देवापुढे बसत होते. एकदा, आठ-नऊ महिन्यांपूर्वी, सकाळी सव्वासातला दार वाजलं. "ताई," बाहेरून रेडिओचा आवाज आला, "दवाखान्यात चल ना माझ्याबरोबर. एकटा निघालो तर अर्ध्या वाटेतून वळेन." पुन्हा वाजलं. मी डोळे मिटून बसले होते. त्याच्याचसाठी बसले होते. आठ वाजता उठून दार उघडलं, तर पायपुसण्यावर त्याच्या बुटांची माती होती आणि तो नव्हता. त्यानं ही गोष्ट नंतर कधी काढली नाही. जो माणूस लिफ्टच्या बटणांवर तासभर बोलतो, तो ह्यावर एक अक्षर बोलला नाही.

त्यानंतर महिन्याभरात तो पहिल्यांदा दवाखान्यात दाखल झाला. उजव्या कोपरात सुईच्या जागी पू झाला होता. पू काढला, सलाईनमधून औषध सुरू केलं. तिसऱ्या दिवशी रेडिओ 'स्वतःच्या जबाबदारीवर घरी जात आहे' अशा कागदावर सही करून निघून गेला. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. कोपर तेच, कागद तोच, दिवसही तिसराच. आता ह्या तिसऱ्या खेपेला विष हाडापर्यंत गेलं होतं.

मोठे डॉक्टर हाडांचे. त्यांच्या खोलीच्या दारावर पदव्या इतक्या की दार उघडायला जागा कशी राहिली कोण जाणे. त्यांनी मला उभ्या उभ्या सांगितलं, "सहा आठवडे सलाईन लागेल. हा सहा दिवस टिकणार नाही. ह्या वेळी पळाला ना, तर परत आणाल तेव्हा मी कोपराच्या वरून हात काढीन. आधीच सांगून ठेवतो. मग म्हणू नका."

"पण तो पळतो कशामुळे, डॉक्टर?" मी विचारलं.

"कशामुळे म्हणजे? नशेसाठी!"

"मग त्यावर काही..."

"बाई, मी हाडाचा डॉक्टर आहे. व्यसन हा माझा विषय नाही."

म्हणजे कोपर त्यांचं, आणि कोपराला लागून असलेला माणूस कुणाचा ते अजून ठरायचं होतं. आधीच्या दोन्ही खेपांना त्याचं अंग तुटायला लागलं, थरथरायला लागला, पोटात पिळे पडले, तेव्हा त्याला तापाची गोळी दिली होती. वॉर्डातल्या भिंतीवर मात्र 'व्यसन सोडा, आनंदाशी नाते जोडा' असं मोठं चित्र होतं. त्यात एक कुटुंब उगवत्या सूर्याकडे बघून हसत होतं. रेडिओ म्हणाला, "ताई, ह्यांना सकाळी सकाळी एवढं हसू कसं येतं? ह्यांना काय देतात ते विचार, मीही तेच घेतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. खांद्याला पिशवी, पायात धावायचे बूट. त्यांचं खातं तळघरात, मोडक्या चाकांच्या खुर्च्या ठेवतात त्या खोलीच्या शेजारी. वॉर्डात सगळे त्यांना 'गोळीवाल्या बाई' म्हणत, आणि म्हणताना ओठाचा एक कोपरा वर उचलत.

गोळीवाल्या बाई खुर्ची ओढून रेडिओच्या समोर बसल्या. त्या दवाखान्यात डॉक्टर बसलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"तुम्हाला इथे राहायचंय?" त्यांनी विचारलं.

"हात कुणाला नकोय, बाई? पण तिसऱ्या दिवशी हे अंग माझं राहत नाही. आधी बूट चढतात, मग मी."

"मग अंगाला आधी थांबवू. जिभेखाली ठेवायची गोळी आहे. तिनं तलफ उतरते, थरथर थांबते. ती रोज घ्यायची. इथेही आणि घरी गेल्यावरही, बरेच महिने. तोवर सलाईन आपलं काम करील."

"नशा सोडवायला नशाच," सलाईन बदलता बदलता सिस्टर पुटपुटल्या. आदल्या दिवशी अशा गोळ्यांचा विषय निघाला तेव्हा मोठे डॉक्टर हेच म्हणाले होते आणि घरी आमचे हेही. एक बारा वर्षं शिकून म्हणाले, दुसरे काहीही न शिकता. वाक्य मात्र तंतोतंत तेच.

गोळीवाल्या बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. "एक अट आहे," त्या म्हणाल्या. "शेवटचं कधी घेतलंत ते खरं सांगायचं. अंगात आधीचं असताना ही गोळी दिली तर ती ते सगळं एकदम ओढून काढते. मग जो त्रास होतो त्यापुढे आजवरचा काहीच नाही. त्यामुळे आधीचं उतरू द्यायचं, त्रास सुरू होऊ द्यायचा, आणि मग गोळी."

इथे मला माझी हुशारी सांगायला हवी. सकाळीच मी रेडिओच्या कानात सांगून ठेवलं होतं, "कुणी विचारलं तर दाखल झाल्यापासून काही घेतलं नाही म्हण. निदान इथे तरी लाज ठेव." लाज त्याची नव्हे, माझी. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. मी मान किंचित हलवली.

"आज सकाळी नऊ वाजता," रेडिओ म्हणाला. "इथेच. संडासात. एक ओळखीचा भेटायला आला होता."

सिस्टरच्या हातातली नळी खाली पडली. गोळीवाल्या बाईंनी नुसतं लिहून घेतलं. "बरं झालं सांगितलंत. मग उद्या सकाळी सातला. तोवर काढाल?"

"काढतो. पण उद्या सातला गोळी नाही आली तर सव्वासातला मी नाही."

मी सांगितल्याप्रमाणे तो बोलला असता तर गोळी त्याच दुपारी मिळाली असती, आणि संध्याकाळपर्यंत तो बूट घालून पार झाला असता. माझ्या लाजेपायी.

"अजून एक," बाई उठता उठता म्हणाल्या. "गोळी पूर्ण विरघळायला दहा मिनिटं लागतात. तोवर गिळायचं नाही, पाणी नाही, बोलायचं नाही. गिळलीत तर पोटात जाऊन फुकट."

"दहा मिनिटं बोलायचं नाही?" रेडिओचे डोळे मोठे झाले. "बाई, हात कापा त्यापेक्षा."

"मी येते सकाळी," मी म्हणाले. "सात ते आठ माझं मौन असतं. मी समोर बसेन. तू माझ्याकडे बघ."

बाईंनी मला भेटीच्या वेळेआधी आत सोडायची चिठ्ठी लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी सातला दहा कमी असताना मी वॉर्डात पोचले. रेडिओ पलंगावर बसला होता आणि पायात बूट होते. नाड्या बांधलेल्या. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, जांभयांवर जांभया येत होत्या, दंडावर सगळीकडे काटा. गुडघे एकमेकांवर आपटत होते. सिस्टर म्हणाल्या, रात्रभर तो वॉर्डाच्या दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. किती वेळा, ते त्यांनी मोजलं नाही.

"ताई," तो म्हणाला, "ही शेवटची फेरी होती हं. आता दाराशी गेलो तर बाहेरच."

बाई आल्या. त्यांनी त्याची नाडी बघितली, डोळ्यांतल्या बाहुल्या बघितल्या. कुलपाच्या कपाटातून गोळी काढायला दोघींच्या सह्या लागतात, म्हणून सिस्टरलाही बोलावलं. "आत्ता एवढीच आहे," बाई म्हणाल्या. "पुढची दुपारी मिळेल. तेव्हा हिला जपा. जीभ वर."

गोळी आत गेली. तेवढ्यात तळघरातून बाईंना फोन आला, कुणीतरी चक्कर येऊन पडलं होतं. "वीस मिनिटांत येते," म्हणून त्या धावतच गेल्या. सिस्टरची पाळी बदलत होती. त्या दोघी-तिघी कपाटापाशी वह्या घेऊन उभ्या राहिल्या. मी रेडिओसमोर स्टुलावर बसले. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मी बोटानं 'नाही' केलं आणि माझ्या डोळ्यांकडे बोट दाखवलं. त्याला आठवलं असावं, आईचं. पाणावलेल्या डोळ्यांनी तो हसला आणि ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत राहिला. एखाद्या नळाची तोटी गळकी असावी आणि तिनं नुसत्या निश्चयावर बंद राहावं, तसा.

दोन-तीन मिनिटं झाली असतील. बाहेर लिफ्टचा आवाज आला. रेडिओनं कान टवकारले, एक बोट वर केलं. लिफ्ट थांबली आणि मोठे डॉक्टर आत आले.

त्यांची फेरी रोज नऊची. त्या दिवशी नऊला त्यांचं भाषण होतं, म्हणून सगळं लवकर. भाषणाचा विषय त्यांच्या हातातल्या पाकिटावरच छापलेला होता: 'रुग्णाशी संवाद'. पाठीमागे आठ शिकाऊ डॉक्टर, आठ वह्या.

"हं," मोठ्या डॉक्टरांनी पलंगाशी थांबून कागद उचलला. "हा आपला जुना पाहुणा. काय, ताप होता रात्री?"

रेडिओनं मान हलवली आणि तोंडाकडे बोट दाखवलं.

"तोंडाला काय झालं? मी हाताबद्दल विचारतोय."

मागे कुणीतरी हसलं. रेडिओनं पुन्हा तोंडाकडे बोट दाखवलं, मग जिभेखाली काहीतरी असल्याची खूण केली, मग हात जोडले.

"बघा," मोठे डॉक्टर आठ वह्यांना म्हणाले. "साधा प्रश्न विचारला तर उत्तर देता येत नाही. पूर्ण नशेत आहे. डोळे बघा."

आठ जणांनी डोळे बघितले. नशेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि नशा उतरली की बशीएवढ्या, हे गोळीवाल्या बाईंनी काल मला, खुर्च्यांची कापडं शिवणाऱ्या बाईला, एका वाक्यात समजावलं होतं. रेडिओच्या बाहुल्या बशीएवढ्या होत्या. आठ जणांनी 'नशेत' असं लिहून घेतलं.

"तुम्ही कोण?" डॉक्टर माझ्याकडे वळले. "बहीण ना? परवा चांगल्या बोलत होतात."

मी हात जोडले.

"तुम्हीही नाही बोलणार? सगळं खानदानच मुकं झालं वाटतं रात्रीत." ह्या वेळी सगळे हसले, साहेबांचा विनोद होता. "भेटीची वेळ नसताना ह्यांना आत कुणी सोडलं? आणि ह्यानं बूट का घातलेत? निघालात वाटतं, राजे?"

रेडिओच्या जबड्याची शीर हलली. मला ती ओळखीची. बोलायच्या आधी त्याची ती शीर हलते, लहानपणापासून.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "मला पलंग हवाय, खाली दोन माणसं मोडक्या पायांनी पडून आहेत. लिहा, रुग्ण सहकार्य करत नाही. सलाईन काढा, आज घरी." आणि ते पुढच्या पलंगाकडे वळायला लागले.

रेडिओनं माझ्याकडे बघितलं. त्याला काय बोलायचंय ते दिसत होतं. 'डॉक्टर, गोळी आहे, राहायचंय मला.' एवढं बोलायला तोंड उघडलं की लाळेबरोबर गोळी घशात, आणि मग दुपारपर्यंत काही नाही. नाही बोलला तर पाच मिनिटांत दाराबाहेर. तो काही विचारत नव्हता माझ्याकडे. दारापाशी उभा असल्यासारखा नुसता थांबला होता.

आणि मी हात जोडून बसले होते. किती छान जोडले होते. तेवीस वर्षांची सवय.

मी घड्याळाकडे बघितलं. सात वाजून अकरा मिनिटं. गोळी जिभेखाली गेली तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती, ते सिस्टरनी पलंगाला टांगलेल्या पाटीवर लिहिलंच होतं.

"डॉक्टर," मी म्हणाले. सकाळी सात ते आठमधला माझा आवाज मीच तेवीस वर्षांत ऐकला नव्हता. घोगरा होता. "त्याच्या जिभेखाली औषध आहे. अजून चार मिनिटं त्याला बोलता येणार नाही. चार मिनिटं तुम्ही माझ्याशी बोला."

ते थांबले. रेडिओची शीर बसली.

"ताप रात्री नव्हता, पाटीवर लिहिलंय. कोपर काल दुखत होतं त्याहून कमी दुखतंय, सूज खाली आलीय. बूट त्यानं जायला घातले, पण रात्रभर दारापर्यंत जाऊन प्रत्येक वेळी परत आला. ते कुठल्या रकान्यात लिहितात मला ठाऊक नाही. डोळे नशेनं असे नाहीत, नशा उतरल्यानं आहेत. मुलांना पुन्हा एकदा बघायला सांगा, परीक्षेत विचारतील."

मी हे सगळं हळू आवाजातच बोलले. मला मोठ्यानं बोलायला फक्त कारखान्यात येतं. पण त्या शांततेत ते दारापर्यंत ऐकू गेलं असावं, कारण कपाटापाशी उभ्या सिस्टरही वह्या धरून वळल्या.

मागच्या रांगेतली एक मुलगी खरंच वाकून बघत होती. "सर," ती म्हणाली, "बाहुल्या मोठ्या आहेत. ह्यांना आधीच्या दोन्ही वेळांना हे औषध दिलं होतं का?"

मोठ्या डॉक्टरांनी तिच्याकडे असं बघितलं, की तिनं वहीत तोंड घातलं ते शेवटपर्यंत वर काढलं नाही.

"हे कुणी सुरू केलं? माझ्या वॉर्डात?"

"तळघरातल्या बाईंनी. तुम्हीच म्हणालात, हा तुमचा विषय नाही. म्हणून त्यांनी त्यांचा केला."

"बाई, मी तीस वर्षं बघतोय ही माणसं. गोळी द्या, गाणी म्हणा, ती पळतात. आणि पळाला की नाव कुणाचं खराब होतं? वॉर्डाचं!"

"माझं लिहा," मी म्हणाले. "पळाला तर माझं नाव लिहा. कागद द्या."

हे मात्र त्यांना एकदम पटलं. हात वाचतोय की जातोय ह्याची त्यांना फारशी फिकीर नव्हती, पण दोष ठेवायला एक माणूस मिळाला की त्यांचा जीव भांड्यात पडत असावा. त्यांनी लगेच कोरा कागद मागवला आणि स्वतः मजकूर सांगितला: जबाबदार नातेवाईक ह्या नात्यानं मी रोज सकाळी सात वाजता औषधाच्या वेळी हजर राहीन, सहा आठवडे, एक दिवस जरी चुकले तरी रुग्णाला घरी पाठवण्यास माझी हरकत नाही.

"एक दिवस जरी," त्यांनी पुन्हा म्हटलं. "जमेल?"

"मला रोजची सवय आहे," मी म्हणाले आणि सही केली.

डॉक्टरांनी 'आज घरी' वर रेघ मारली, पाकीट काखेत घातलं आणि संवादावर बोलायला निघून गेले. लिफ्टचं दार लागलं. नव्या पाळीच्या सिस्टर पुढे आल्या. त्यांनी बॅटरी लावून रेडिओच्या जिभेखाली बघितलं.

"विरघळली. बोल आता."

मी वाट बघत होते. आपण केवढं मोठं काम केलं, असं काहीतरी माझ्या मनात चाललंच होतं. ती खोड इतक्यात कुठली जायला.

"ताई," रेडिओ म्हणाला, "ही लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर घासतेय. दाराचा पट्टा सैल झालाय. कुणाला तरी सांगायला हवं."

सिस्टर हसायला लागल्या. मला हसू आलं, आणि मग डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी खिडकीकडे बघायला लागले.

तासाभरात बाईंनी त्याला पुन्हा तपासलं. दंडावरचा काटा बसला होता, गुडघे शांत झाले होते. जांभया थांबल्या होत्या. दुपारी अजून एक गोळी देऊ, संध्याकाळी बघू, असं त्या म्हणाल्या. अजून पुष्कळ आहे, हेही म्हणाल्या. उगाच गोड बोलत नाहीत, म्हणून मला त्या आवडल्या.

रेडिओ आडवा झाला होता. मी त्याच्या बुटांच्या नाड्या सोडत होते. गाठी दुहेरी मारलेल्या.

"तुझा नेम मोडला गं," तो म्हणाला.

"मोडला."

"माझ्यापायी."

"गप्प बस. दहा मिनिटं बसलास तसा."

त्यानं उशी मानेखाली सारली. मग छताकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी मला आठपर्यंत थांबता आलं नाही, ताई. आतून उदबत्तीचा वास येत होता. म्हटलं, ताई घरात आहे. थांबावं. पण नाही जमलं."

म्हणजे चूक त्यानं स्वतःकडे घेतली होती. इतके महिने तीच घेऊन हिंडत होता. मी नाडी ओढली ती जास्तच ओढली गेली आणि गाठ आणखी घट्ट झाली.

"उद्या सातला मी इथे आहे," मी म्हणाले. "रोज. तू तोंड मिटून बस. कुणी काही विचारलं तर मी बोलेन."

"आणि तुझं मौन?"

मी बूट काढले आणि पलंगाखाली, भिंतीच्या बाजूला सरकवले.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय म्हणतात चिरंजीव? टिकले का?" मी म्हटलं, "आज टिकला." "आज!" हे म्हणाले आणि वर्तमानपत्र झटकून उघडलं. सहा आठवड्यांचा कागद मी ह्यांना दाखवला नाही. सगळ्याच गोष्टींवर ह्यांचं मत ऐकलं पाहिजे असं काही नाही.

दुसऱ्या दिवशी पाचला उठले. दिवा लावला. देवापुढे उभ्या उभ्याच हात जोडले. बसले असते तर बसूनच राहिले असते. तेवीस वर्षांचा हिशोब आता नव्यानं एकपासून सुरू करायचा की सोडूनच द्यायचा, हे देवालाच विचारावं असं वाटलं, पण बस सहा दहाची होती. डबा पिशवीत टाकला, चप्पल हातात घेतली. आत हे घोरत होते. सात ते आठच्या मधे मी ज्या दाराला कधी हात लावला नव्हता, त्याची कडी आवाज न करता काढली, आणि निघाले.